पट्टे, ठिगळे आणि लय

पट्ट्यापट्ट्यांचे कापड घरात आणायला मराठी माणूस कधी बिचकत नाही; ते अंगावर घालून चारचौघांत जायला मात्र बिचकतो. गादीला पट्टे, उशीला पट्टे, निजायच्या लेंग्याला पट्टे. आणि चार माणसे आली की त्यांच्यासाठी पसरायची ती सतरंजी, तिला तर पट्ट्यांवाचून दुसरे रूपच ठाऊक नाही. (नाव पडले बुद्धिबळाच्या पटावरून, आणि अंगावर पाहावे तर घरे कोठेच नाहीत, नुसते पट्टे! भाषेचा हा विनोद रोज त्यावर बसूनही आपल्या लक्षात येत नाही.) पण लग्नाच्या बस्त्याला गेलेल्या कोणी दुकानदाराला ‘जरा ठळक पट्ट्यांचे दाखवा’ असे म्हटल्याचे ऐकिवात नाही. पट्टा हा आपल्याकडे घरातला गडी आहे. माजघरात त्याला मुभा. दिवाणखान्यात यायचे तर जमिनीवर.

युरोपात त्याची अवस्था याहून वाईट होती. मिशेल पास्तूरो या फ्रेंच इतिहासकाराने १९९१ साली पट्टेरी कापडावर एक छोटेखानी पुस्तक लिहिले आणि त्याला नाव दिले ‘सैतानाचे कापड’. तेराव्या शतकात पॅरिसमध्ये येऊन दाखल झालेल्या कार्मेलाइट साधूंच्या अंगावर पट्ट्यांचे झगे होते म्हणून लोकांनी त्यांची टर उडवली, आणि अखेर १२८७ साली त्यांना ते टाकून पांढरे झगे घ्यावे लागले, अशी हकीकत त्यात आहे. पास्तूरोचे म्हणणे असे की, मध्ययुगीन डोळ्याला कोणत्याही चित्रात मागची भूमी आधी आणि तिच्यावरची आकृती नंतर, असे थराथराने पाहण्याची सवय होती. पट्ट्यांत हे जमत नाही. निळ्यावर पांढरा की पांढऱ्यावर निळा, याचे उत्तर कापड देत नाही. डोळा गोंधळतो, आणि गोंधळलेला डोळा रागावतो.

आपल्याकडे पट्ट्याला सैतान कोणी म्हटले नाही. पण गोधडी शिवायला बसलेल्या बाईपुढे तो येतो तेव्हा हीच अडचण घेऊन येतो, आणि ती अडचण त्या बाईने कशी सोडवली हे पाहणे म्हणजेच गोधडीची समीक्षा, असे मला वाटते.

फुलाफुलांच्या छिटाचे ठिगळ कसेही लावा, ते मुकाट्याने बसते. एकरंगी तुकड्याला तर दिशाच नसते. पट्ट्याचे तसे नाही. तो कोठून तरी आलेला असतो आणि कोठे तरी निघालेला असतो. शेजारच्या ठिगळाला तो मिळून जातो, नाहीतर त्याच्या अंगावर जाऊन आदळतो. आणि कापताना हात तसूभर वाकडा गेला तर साऱ्या घराला ओरडून सांगतो. फूल चूक पोटात घालते, पट्टा चहाडी करतो.

याचे कारण मागावरच आहे. ताणा भरतानाच रंगीत सुते क्रमाने लावून घेतली की उभा पट्टा विणताना वेगळे कष्ट पडत नाहीत. आडव्या पट्ट्याला मात्र दर रंगाला धोटा बदलावा लागतो. म्हणून लेंग्याच्या आणि गादीच्या कापडातले पट्टे कापडाच्या लांबीने धावतात. (सतरंजीची गोष्ट उलटी. तिथे बाणा इतका ठोकून बसवतात की ताणा दिसतच नाही, म्हणून तिचे पट्टे आडवे.) आणि ताणा हा बाण्यापेक्षा कमी ताणला जातो. तेव्हा उभ्या पट्ट्याचे ठिगळ आडव्या पट्ट्याच्या शेजारी शिवले की एक कड ताठ आणि दुसरी थोडी सैल, असा संसार होतो, आणि बेताने टाके घातले नाहीत तर कापडाला चुण्या पडतात. नव्या कापडाला ही खोड अधिक. जुने कापड मात्र आटायचे तेवढे आटलेले आणि रंग सोडायचा तेवढा सोडून मोकळे झालेले असते. जुनेरे गोधडीत जातात ती केवळ काटकसर म्हणून नव्हे. ते शहाणे झालेले असतात.

शिंप्याच्या हाती पट्टेरी कापड पडले तर तो काय करतो? सदऱ्याचा खिसा असा बेततो की खिशावरचा पट्टा छातीवरच्या पट्ट्याशी तंतोतंत जुळावा आणि खिसा आहे की नाही हेच कळू नये. हे कसब मोठे आहे. पण ते लपवण्याचे कसब आहे. गोधडीत ठिगळाने लपायचे नसते. तिथे खिशाचा न्याय लावला की गोधडी सदऱ्यासारखी सभ्य होते, आणि सदऱ्यासारखीच कंटाळवाणी.

मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) मध्ये लयीची संवाद, विरोध आणि समतोल अशी तीन तत्त्वे सांगितली आहेत. साहित्याला ती कितपत लागू पडतात यावर आपल्याकडे पुष्कळ शाई खर्ची पडली. गोधडीला ती लावून पाहण्याचे कोणाला सुचले नसावे. पण मला तर ती तिथे जास्त उघडपणे दिसतात. पट्ट्याला पट्टा मिळाला तर संवाद. पट्ट्यावर पट्टा काटकोनात आदळला तर विरोध. आणि दहा ठिगळे एका दिशेला गेलेली असताना एकच ठिगळ फिरवून साऱ्या पसाऱ्याला थांबवले, तर तो समतोल. हा तिसरा प्रकार सर्वांत अवघड आणि म्हणून विरळा.

आमच्या घरी एक गोधडी आहे. नऊवारी चार पदरी दुमडली की एका माणसापुरता पसारा होतो. तशी दोन लुगडी आत आहेत आणि वर ठिगळे. त्यांत निळ्या-पांढऱ्या गादीपाटाची नऊ. आठ उभी आहेत. नववे, पायथ्याकडे, उजव्या हाताला, आडवे. मधोमध नाही, कोपऱ्यातही नाही. त्याच्या लगत एक साधे पोपटी ठिगळ आहे, आणि त्यापलीकडे लेंग्याचे बारीक तांबडे पट्टे, पुन्हा उभे. डोळा वरून त्या निळ्या पट्ट्यांवरून घसरत खाली येतो, पायथ्याशी आल्यावर गोधडीबाहेर पडणार, एवढ्यात त्या आडव्या पट्ट्याला अडतो, पोपटीवर क्षणभर टेकतो, आणि तांबड्या रेघांवरून परत वर निघतो. ते नववे ठिगळ इतरांसारखे उभे आहे असे मनात कल्पून पाहिले, तर सबंध गोधडी नळाच्या पाण्यासारखी पायाकडून वाहून जाते.

यावर टाके. आपली गोधडी काठाकडून धावदोऱ्याने शिवत शिवत आत येते. चौकोनात चौकोन, त्यात आणखी चौकोन. त्यामुळे होते काय, की दोन बाजूंना दोरा पट्ट्याच्या सोबतीने चालतो आणि उरलेल्या दोन बाजूंना त्याला ओलांडतो. सोबतीने चालतो तेव्हा पट्टा हीच पट्टी. नवशिकी मुलगीही तिथे सरळ टाका घालते. ओलांडतो तेव्हा मौज असते. पांढरा दोरा निळ्यावर दिसतो, पांढऱ्यावर नाहीसा होतो, पुन्हा निळ्यावर उगवतो. एकच दोरा, पण दिसतो लुकलुकत. छापील फुलांच्या गर्दीत हा खेळ हरवून जातो. ठळक पट्ट्यावरच तो खुलतो.

आता यावर एक आक्षेप येतो, आणि तो थोरामोठ्यांकडून येतो. ते म्हणतात, अहो, त्या बाईला कसले आले सौंदर्यशास्त्र? थंडी होती, पोरे होती, घरात होते नव्हते ते फाटके तिने जोडले. तुम्ही त्यात लय पाहता ही तुमची हौस. ह्याच माणसांना गोधडीबद्दल बोलायला सांगा, ते लगेच मायेची ऊब, आजीच्या लुगड्याचा वास, असे काही सांगून डोळे पुसतील. ऊब खरी आहे, वासही खरा आहे. पण त्या उबेखाली एक गोष्ट फार वर्षे दडपली गेली आहे. आपण गोधडी पांघरतो, गोधडीवर कविता करतो. गोधडीकडे पाहत नाही.

आक्षेपाला माझे उत्तर साधे आहे. कोणते कापड हाती येणार, ते गरजेने ठरवले. किती मोठा तुकडा शाबूत निघणार, तेही गरजेने ठरवले. पण चौकोनी ठिगळ उभे लावायचे की आडवे, याला एक पैसाही जास्त पडत नाही, दोरा वाढत नाही, वेळ वाढत नाही. तिथे गरज गप्प बसते. आठ ठिगळे उभी आणि एक आडवे, हा निर्णय आहे, आणि तो कोणा तरी बाईने डोळे उघडे ठेवून घेतलेला आहे. आठांच्या घाईत नववे चुकून फिरले असेल असे कोणी म्हणेल. म्हणो. पण काठ शिवून आत येईपर्यंत कित्येक दिवस ते तिच्या डोळ्यांपुढे होते आणि चार टाके उसवून फिरवता आले असते. तिने ते राहू दिले. तो निर्णयच झाला. एकरंगी कापडाच्या गोधडीत हा निर्णय आपल्याला कधी कळलाच नसता. पट्टा चहाडखोर खरा; पण तो कधी कधी कर्तीच्या बाजूनेही साक्ष देतो.

हीच साक्ष अमेरिकेत एका गावाच्या वाट्याला उशिरा का होईना आली. अलाबामा राज्यात, अलाबामा नदीच्या एका मोठ्या वळणात, जीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथले कृष्णवर्णी लोक एका कापसाच्या मळ्यावरच्या गुलामांचे वंशज. मतदार म्हणून नाव नोंदवायला ही माणसे नदीपलीकडच्या तालुक्याच्या गावी जाऊ लागली तेव्हा, १९६२ साली, तिथली नावच बंद करण्यात आली; ती परत सुरू व्हायला २००६ साल उजाडले. या गावच्या बायका शेतावरच्या झिजलेल्या विजारी, पिठाची पोती, गादीचे पट्टेरी कापड यांच्या गोधड्या शिवत. १९६६ साली आसपासच्या बायकांची ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था निघाली, आणि १९७२ साली तिला सिअर्स या बड्या दुकानासाठी कॉर्डरॉयचे उशांचे अभ्रे शिवण्याचे काम मिळाले. उरलेल्या चिंध्या घरोघर गेल्या. कॉर्डरॉयला स्वतःचा एक मुका पट्टा असतो; त्याच्या उंचवट्यांच्या रेघा उभ्या धरल्या तर रंग गडद दिसतो, फिरवल्या तर फिका. म्हणजे एकाच रंगाच्या कापडातही या बायकांना दिशा सापडली.

ॲनी मे यंग यांची १९७६ सालची एक गोधडी आता पुष्कळ ठिकाणी छापली गेली आहे. मधोमध उष्ण रंगांच्या कॉर्डरॉयच्या पट्ट्या, एकीशेजारी एक, आणि त्यांच्याभोवती कामाच्या निळ्या कपड्यांचा विटलेला मैदानासारखा विस्तार. पट्ट्या हाताने जोडलेल्या, म्हणून गिरणीच्या पट्ट्यासारख्या सरळसोट नाहीत. कोणी किंचित झुकली आहे, कोणी पुढे अरुंद झाली आहे. त्या वाकडेपणामुळेच त्या श्वास घेतल्यासारख्या वाटतात. २००२ साली ह्यूस्टनच्या ललितकला संग्रहालयात या गावच्या गोधड्यांचे प्रदर्शन भरले, मग ते न्यूयॉर्कला गेले, आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या कलासमीक्षकाने मातीस आणि क्ले यांची नावे घेऊन त्यांची वाहवा केली. वाहवा योग्यच होती. पण बायकांच्या हातच्या कामाला आत घेताना दारावर दोन पुरुष चित्रकारांची चिठ्ठी लागली, हे मला खटकते. पट्ट्यांचा प्रश्न या बायकांनी स्वतःच्या अंगणात सोडवला होता. मातीसला त्यात साक्षीला बोलावण्याचे कारण नव्हते. तरी एक गोष्ट झाली. गोधड्या भिंतीवर चढल्या तेव्हा प्रत्येकीखाली शिवणारीचे नाव लिहिले गेले. नाव आले की हक्क येतो. २००७ साली त्यांतल्या काही जणींनी मोबदल्यासाठी न्यायालयात दावेही लावले, आणि पुढे ते आपसात मिटले. आपल्याकडच्या गोधडीवर भांडण कधी झाले नाही, कारण नावच कोणाचे नव्हते.

इतक्या लांब जायला नको असेल तर गोव्याच्या पलीकडे, उत्तर कन्नडच्या रानात पाहावे. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्या आणि तिथून निसटून घाटावर गेलेल्या लोकांचे वंशज, सिद्दी, तिथे राहतात. त्यांच्यातले पुष्कळ जण घरात कोकणीच्या वळणाची भाषा बोलतात. त्यांच्या बायका ज्या गोधड्या शिवतात त्यांना कवंदी म्हणतात. कवंदीही काठाकडून आत येते, आपल्यासारखीच. पण शेवटी चारी कोपऱ्यांना घडी घातलेले कापडाचे लहान त्रिकोण लावतात. त्यांना ‘फुले’ म्हणतात, आणि फुलांवाचून कवंदी उघडी, नागवी समजतात. उबेला त्या त्रिकोणांचा काडीइतका उपयोग नाही. गरजेचा मुद्दा काढणाऱ्यांनी हे चार कोपरे तेवढे एकदा पाहावेत.

आता आजच्या गोधडीकडे येऊ, आणि थोडे कटू बोलू. दिवाळीच्या सुमारास शहरात भरणाऱ्या प्रदर्शनांतून हल्ली गोधड्यांचे ढीग असतात. कापड नवे, रंग जुळवून घेतलेले, ठिगळे एकाच मापाची, आणि पट्टे असले तर एक उभे, एक आडवे, एक उभे, एक आडवे, शेवटपर्यंत. याला विरोध म्हणत नाहीत. ही कवाईत झाली. विरोध दर वेळी ठरल्या जागी भेटला की त्याची धार जाते. बरे, टाका यंत्राचा. म्हणजे निळ्या-पांढऱ्यावर लुकलुकणारा तो दोराही गेला. ह्या गोधड्या वाईट शिवलेल्या नसतात. त्या कोणीच शिवलेल्या नसतात, इतकेच.

पण नव्या शिवणकामात सारेच असे नाही, आणि पट्टेरी कापडाच्या काही करामती खरोखर शिकण्यासारख्या आहेत. एका ठळक पट्ट्यांच्या लांब पट्टीतून एक त्रिकोण सुलटा, एक उलटा, असे कापत जावे. सुलटे चार एकत्र जोडले की चौकोनात चौकोन, त्यात चौकोन, असा घाट उमटतो. उलटे चार जोडले की तोच घाट, पण रंगांचा क्रम उलटा. एकाच कापडातून दिवस आणि रात्र. मात्र त्रिकोणाच्या तिरप्या कडा उरेब असतात, हाताने ओढल्या की लांबतात. म्हणून कापडाला आधी खळ द्यावी आणि शिवताना ओढू नये. फ्लॉरिडातले सेमिनोल लोक निरनिराळ्या रंगांच्या पट्ट्या जोडतात, त्या आडव्या चिरतात आणि एकेक तुकडा थोडा सरकवून पुन्हा जोडतात. सरळ पट्ट्याच्या पायऱ्या होतात. आपल्या लेंग्याच्या कापडावर हे सहज करता येईल, जोडण्याचे निम्मे काम गिरणीने करून ठेवलेलेच आहे. गोधडीचा काठ पट्टेरी कापडाच्या उरेब पट्टीने बांधला की पट्टे तिरपे होऊन दोरखंडाच्या पिळासारखे गोधडीभोवती फिरतात. इतक्या थोड्या कापडात इतकी शोभा दुसऱ्या कशाने येत नाही.

आणि दिवाळीत बैठकीचे लोड-तक्के नवे करायचे असतील तर त्यांची टोके पाहा. ज्या पट्टीत पट्टे रुंदीने आडवे गेले आहेत ती घेऊन एका कडेला चुण्या घालून मध्यावर आवळली, तर पट्ट्यांचे किरण होतात. पट्टे लांबीने गेलेली पट्टी तशीच आवळली तर वलये होतात. एका लोडाला किरण आणि दुसऱ्याला वलये ठेवायला हरकत नाही. दोन्हींना किरणच हवेत असे म्हणणारे पाहुणे तक्क्याला टेकले की त्यांना टोके दिसत नाहीत.

गोधडीला मात्र अशा करामती बेतानेच वापराव्यात. चौकोनांतले चौकोन गोधडीभर पसरले की डोळे दुखतात. साध्या ठिगळांच्या मैदानात तसे दोन पुरतात. आणि टाके घालण्यापूर्वी सगळी ठिगळे जमिनीवर मांडून एका उंच स्टुलावर उभे राहावे, वरून पाहावे. डोळा कोठून गोधडीबाहेर निसटतो ते शोधावे, खाली उतरून तिथले एक ठिगळ फिरवावे. घरातले कोणी ना कोणी जाता जाता म्हणेलच, ‘अगं, ते एक उलटं लागलंय.’ तसे कोणी म्हणाले की सुईत दोरा ओवायला घ्यावा.